आप्पा घरी आले, पण मोत्या जवळ जाईना

चोपडा तालुक्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे उत्तर कोणत्या घराला उद्देशून आहे ते कळेल. त्यांचे वडील ६८ वर्षांचे आहेत. घरात आणि गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. गोठ्यात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, जळगावला शस्त्रक्रिया झाली आणि १७ दिवसांनी ते वॉकर धरून घरी परतले. मोत्या हा त्यांचा सहा वर्षांचा गावठी कुत्रा. आप्पांना पाहून तो अंगणभर नाचेल असे सगळ्यांना वाटले होते. प्रत्यक्षात त्याने आप्पांचा हात हुंगला, दोन पावले मागे सरला आणि बैलगाडीखाली जाऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो आप्पांच्या खोलीच्या उंबरठ्यावर आडवा पडून असतो, व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर गुरगुरतो, भाकरी अर्धी टाकून देतो आणि रात्री तोंड वर करून रडतो. आजी त्या रडण्याला अपशकुन मानतात. भाऊ म्हणतात, महिनाभर त्याला मळ्यात नेऊन बांधू. ताईंनी विचारले आहे की मोत्याने आप्पांना ओळखले नाही का, त्याला दुःख झाले आहे का, आणि त्याला मळ्यात पाठवावे का.

मी गेली २६ वर्षे धुळे-जळगाव पट्ट्यात जनावरांवर उपचार करतो आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतो. उत्तर देण्याआधी स्वतःचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात मी विषमज्वराने पंधरा दिवस अंथरुणाला खिळलो होतो. आमची राणी नावाची कुत्री त्या दिवसांत माझ्या खाटेखालून हलत नसे, आणि भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा ‘मुकं जनावर, पण माया पाहा’ असे म्हणून हळहळत असे. खरे सांगायचे तर ते ऐकून मलाही बरे वाटत होते. आठव्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी कूलर पुढच्या खोलीत हलवला आणि राणी कूलरच्या मागोमाग निघून गेली. पारा ४५ अंशांवर असताना आपल्या भागातला कोणताही शहाणा प्राणी हेच करील. तिची माझ्यावर माया नव्हती असे मी म्हणत नाही. परंतु आजारी माणसाच्या घरात कुत्र्याच्या प्रत्येक हालचालीला आपण जो अर्थ लावतो, तो बहुधा आपल्या मनातला असतो. कुत्र्याच्या मनातला शोधायचा तर त्याच्या नाकापासून सुरुवात करावी लागते.

कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण २० ते ३० कोटी असतात. माणसाच्या नाकात त्या ५० ते ६० लाखांच्या आसपास. मोत्याच्या लेखी आप्पा म्हणजे बैलाचा, सरकीच्या पेंडीचा, मातीचा आणि रोजच्या घामाचा मिळून झालेला एक ठरावीक वास. त्या दिवशी अंगणात उतरलेल्या माणसाला स्पिरिटचा, आयोडीनच्या मलमाचा, चिकटपट्टीचा आणि दवाखान्यातल्या साबणाचा वास होता. औषधांनी, बदललेल्या आहाराने आणि जखम भरून येताना घामाचा व श्वासाचा वास बदलतो, तो वेगळाच. शिवाय कुत्रा दुरून माणूस ओळखतो तो चालीवरून आणि आकारावरून. आप्पा ताठ, लांब टांगा टाकत येणारे. आणि हा माणूस वाकलेला, चार पायांचा लोखंडी सांगाडा फरशीवर खरडत पुढे सरकणारा. आवाज तेवढा ओळखीचा होता. म्हणजे मोत्याच्या कानाने ‘आप्पा’ म्हटले, डोळ्यांनी ‘नाही’ म्हटले, आणि नाकाने ‘आहेत, पण काहीतरी बिनसले आहे’ असे सांगितले. अशा वेळी कुत्रा जे करतो तेच त्याने केले: मागे सरला, आडोसा धरला आणि तिथून पाहत राहिला. न ओळखलेल्या माणसाचा हात मोत्यासारखा राखणीचा कुत्रा हुंगत बसत नाही, तो भुंकतो. त्याने ओळखले होते. जुळत नव्हते एवढेच.

माणसाच्या मनावरचा ताण कुत्र्याला वासाने कळतो का, याची चाचणी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ३६ माणसांना अवघड तोंडी हिशेब करायला लावून, त्याच्या आधीचे आणि नंतरचे श्वासाचे व घामाचे नमुने घेतले गेले. शिकवलेल्या चार कुत्र्यांनी शंभरातल्या जवळपास ९४ वेळा ताणाचा नमुना बरोबर निवडला. ही कुत्री मुद्दाम शिकवलेली होती, हे विसरता कामा नये. या चाचणीतून एवढेच सिद्ध होते की फरक वासात असतो आणि कुत्र्याच्या नाकाला तो सापडतो. खुब्यात पट्टी बसवली आहे किंवा साखर वाढली आहे हे घरचा कुत्रा ‘जाणतो’, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. कर्करोग हुंगणाऱ्या कुत्र्यांच्या बातम्या वाचून काही जण मला विचारतात की आमचा टायगर सारखा पोटाशी नाक लावतो, तपासणी करून घेऊ का. शंका असेल तर डॉक्टरांकडे अवश्य जावे, पण टायगरच्या नाकाच्या भरवशावर जाऊही नये आणि थांबूही नये.

काही कुत्री आजारी माणसाला चिकटतात आणि काही टाळतात. टाळणाऱ्या कुत्र्याला लोक बेइमान ठरवतात, त्याबद्दल मला थोडे अधिक लिहावेसे वाटते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ३४ कुत्र्यांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. मालक काचेच्या दारामागे बसून एकतर रडण्याचा आवाज करी किंवा साधे गाणे गुणगुणे, आणि दार नाकाने ढकलून उघडता येण्यासारखे होते. दोन्ही गटांत सुमारे निम्म्याच कुत्र्यांनी दार उघडले. पण रडणाऱ्या मालकाकडे जी गेली ती गुणगुणणाऱ्या मालकाकडे जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी लवकर गेली. मला त्यातला महत्त्वाचा भाग वाटतो तो न गेलेल्या कुत्र्यांचा. मालक रडत असताना जी कुत्री जागची हलली नाहीत, त्यांच्या अंगावर ताणाची लक्षणे जास्त दिसत होती. त्यांना काळजी नव्हती असे नाही; ती इतकी बावरली होती की त्यांना काही करणे सुचत नव्हते. बैलगाडीखाली बसलेला मोत्या मला त्यांच्यापैकी वाटतो. त्या वेळी कोणी नीट पाहिले असते तर त्याने वारंवार ओठ चाटले असतील, झोप नसताना जांभया दिल्या असतील, मान वळवून नजर चुकवली असेल. जीव घाबरा झाल्याच्या कुत्र्याच्या खुणा याच आहेत. अशा वेळी त्याला पट्ट्याला धरून ओढत आप्पांसमोर आणणे, ‘जा ना, बघ कोण आलंय’ म्हणून ढकलणे, हे सर्वांत वाईट. त्याला स्वतःहून येऊ द्यावे.

आता दुःखाविषयी. ताईंच्या पत्रात ‘अर्धी भाकरी’ हे जे दोन शब्द आहेत, त्यांपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. कुत्र्याचे मन उदास होऊ शकते याबद्दल मला शंका नाही. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाने २०१९ साली ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतील कॉर्टिसॉल या तणावाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण तपासले, तेव्हा अनेक महिन्यांचा ताण दोघांत बरोबरीने वरखाली होताना दिसला. घरातली माणसे रात्ररात्र जागत असतील, तर त्याचा परिणाम उंबरठ्यावरच्या कुत्र्यापर्यंत पोचतो. तरीही ‘तो दुःखी आहे’ हे निदान मी सगळ्यांत शेवटी करतो, कारण या निदानाने मी एक कुत्री जवळजवळ गमावलेली पाहिली आहे.

पारोळ्याकडचे एक शिक्षक मोठ्या उपचारासाठी मुंबईला होते. घरी त्यांची कुत्री होती. ती मलूल झाली, पोळी हुंगून सोडू लागली, मग दूधही सोडले. घरच्यांनी अकरा दिवस वाट पाहिली. शेजारीपाजारी येऊन तिच्या निष्ठेचे कौतुक करून जात होते. बाराव्या दिवशी तिच्या नाकातून रक्त आले तेव्हा शिक्षकांच्या आईंनी मला फोन केला आणि पहिले वाक्य अहिराणीत म्हणाल्या, ‘‘भाऊ, ती काहीच खात नही शे.’’ मी ओठ वर करून पाहिले तर हिरड्या वेचलेल्या कापसासारख्या पांढऱ्या होत्या. ताप १०४ च्या पुढे. कानाच्या पाळीच्या दुमडीत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत गोचिडी एरंडीच्या बियांसारख्या टपोऱ्या फुगून बसल्या होत्या. हा गोचीडताप, एर्लिकिया नावाच्या जंतूचा; तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून तो रक्तात शिरतो आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी करतो. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवस द्याव्या लागल्या आणि ती पुरती सावरायला दोन महिने गेले. दर आठवड्याला ओसरीवर बसून तिच्या गोचिडी काढणारा आणि महिन्याच्या महिन्याला औषध लावणारा माणूस मुंबईच्या दवाखान्यात पडलेला होता, आणि त्याच्यामागे हे काम कोणाचे, हे कोणी ठरवलेच नव्हते. मालकाच्या आजारपणात कुत्रा आजारी पडण्याचे मी पाहिलेले सर्वांत मोठे कारण हेच आहे. मालकाचे दुखणे त्याला लागत नाही. मालकाचे हात थांबतात, ते त्याला बाधते.

म्हणून मोत्याच्या बाबतीत, तो खात नाही याचे कारण मनात शोधण्याआधी अंगात शोधावे. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. त्याच्या अंगाचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे हाताला गरम लागला म्हणून घाबरू नये आणि नाक ओले आहे म्हणून निश्चिंतही राहू नये. गुदद्वारात लावलेला थर्मामीटर काय सांगतो तेच खरे. कान, काख, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीचे मूळ यांत गोचिडी शोधाव्यात. पाणी पितो का, लघवीचा रंग गडद झाला आहे का, हेही पाहावे. वाढ झालेला कुत्रा एक-दोन दिवस कमी खाऊन पाणी पीत असेल आणि हाकेला कान टवकारत असेल तर थांबायला हरकत नाही. सलग दोन दिवस काहीच न खाल्ल्यास, किंवा उलटी, ताप, फिकट हिरड्या यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे. सगळे ठीक निघाले, तर मग मोत्याची भूक कमी होण्याचे कारण साधे असू शकते: इतकी वर्षे भाकरी आप्पा कुस्करून घालत होते, संध्याकाळी बैल बांधून झाल्यावर, आणि आता कोणीतरी कधीतरी ताटली सरकवते. वेळ तीच ठेवा, जागा तीच ठेवा, आणि घालणारा हात रोज एकाच माणसाचा असू द्या. लाडाने शेवभाजीचा रस्सा कालवून भूक वाढवण्याचा प्रयत्न मात्र करू नका. तिखट, तेल, कांदा आणि लसूण, चारही गोष्टी त्याला वाईट.

गुरगुरण्याचा उलगडा त्या मानाने सोपा आहे. रोज ठरावीक वेळी एक अनोळखी माणूस येतो, आप्पांचा पाय धरतो आणि आप्पा ‘अगं माय गं’ म्हणून कळवळतात. मोत्याने यातून काढलेला निष्कर्ष त्याच्या परीने अचूक आहे. त्याला त्यासाठी मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतात. ते गृहस्थ येण्याच्या दहा मिनिटे आधी मोत्याला मागच्या अंगणात न्यावे, तिथे त्याला चघळायला काही द्यावे, आणि ते गेल्यावरच सोडावे. चार-सहा दिवसांनी त्यांनी स्वतः, आप्पांना हात न लावता, दुरूनच त्याच्याकडे भाकरीचा तुकडा टाकून निघून जावे. रेबीजची लस चालू आहे ना, ते कार्डावर पाहून घ्या. दुर्दैवाने दात लागलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन थेट दवाखाना गाठावा. हळद, चुना भरू नये.

रात्रीच्या रडण्याबद्दल आजींशी वाद घालू नका, पण त्यांना एक गोष्ट विचारा. पूर्वी आप्पा अंगणात बाजेवर झोपत असतील आणि मोत्या बाजेखाली. आता आप्पा आत, दार लावलेले, आणि तो बाहेर. कळपापासून तुटलेले कुत्रे लांब सूर काढून साद घालते, हा त्याचा जातिस्वभाव आहे. दार उघडे ठेवून, आडवी फळी लावून, आप्पा दिसतील अशा जागी त्याचे पोते टाकले तर बहुतेक घरांत हा आवाज तीन-चार रात्रींत थांबतो. कुत्रा रात्रभर रडला आणि माणूस ठणठणीत होऊन शेतात गेला, अशी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. ती मात्र कोणी मोजत नाही.

खोलीच्या आत त्याला किती येऊ द्यावे, याबाबत मी कुत्र्यांच्या बाजूचा असूनही कडक आहे. जखम पूर्ण भरून टाके निघेपर्यंत त्याची जीभ तिथे लागता कामा नये. ‘कुत्र्याच्या जिभेत औषध असते’ ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. प्रत्यक्षात निरोगी कुत्र्याच्या तोंडातही पाश्चुरेला आणि कॅप्नोसायटोफेगा यांसारखे जंतू असतात. मधुमेह असलेल्या, यकृत खराब झालेल्या, प्लीहा काढलेल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला त्यांच्यापासून गंभीर संसर्ग होऊ शकतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या देतात, त्यामुळे नखाचा साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो. नखे कापून घ्या. सर्वांत मोठा धोका मात्र पायात घुटमळण्याचा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००१ ते २००६ या काळातील नोंदींवरून काढलेला अंदाज असा की कुत्र्या-मांजरांमुळे पडून तिथल्या आपत्कालीन विभागांत येणाऱ्यांची संख्या वर्षाला ८६ हजारांहून अधिक होती, आणि त्यांतील बहुतेक जण कुत्र्यामुळे पडले होते. आप्पा वॉकर घेऊन उठतील तेव्हा मोत्या बांधलेला असावा, निदान कोणीतरी त्याचा पट्टा धरलेला असावा. उंबरठ्यावर आडवे पडण्याची त्याची सवय तेवढी मोडावी लागेल. त्याचे पोते भिंतीकडे सरकवा आणि तिथे बसला की त्याला काही खायला द्या.

आणखी एक गोष्ट, जी आजारी माणसाच्या घरातच घडते. भेटायला येणारे पाहुणे मनुकांची पुडी, मधुमेह असेल तर साखरेविना केलेली मिठाई आणतात. उशाशी वेदनाशामक गोळ्यांच्या पट्ट्या पडलेल्या असतात. मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या पदार्थाने त्याची रक्तातली साखर अर्ध्या तासातही घसरू शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी पोटात व्रण होतात. उशाजवळचे टेबल मोत्याच्या तोंडाच्या उंचीवर नको.

मळ्यात पाठवण्याला माझा विरोध आहे. मोत्याच्या आयुष्यातून आप्पा १७ दिवस गेले, परत आले ते बदलून आले, आणि आता घरही जाणार. परत आणल्यावर ओळख पुन्हा पहिल्यापासून करून द्यावी लागेल. आप्पांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, तरच तो विचार करावा, आणि तेव्हाही मोत्याबरोबर ओळखीचा माणूस हवा, नुसता खुंट नको. त्याऐवजी आप्पांनी अंगात घातलेली, न धुतलेली बनियन मोत्याच्या पोत्यावर ठेवा. संध्याकाळी त्याला आधी फिरवून आणा, आप्पांना ओट्यावर खुर्चीत बसवा, वॉकर आत ठेवा, गर्दी नको, आणि आप्पांनी हाक मारून पहिला तुकडा स्वतःच्या हाताने द्यावा. तो मागे सरला तर तुकडा जमिनीवर ठेवून त्या दिवशी तिथेच थांबावे.

पण हे सगळे उद्या दुपारनंतर. सकाळी उजेडात आधी त्याचा वरचा ओठ उचलून हिरड्यांचा रंग पाहा आणि बोटांच्या बेचक्या तपासा. रंग फिकट दिसला, किंवा एकही फुगलेली गोचीड सापडली, तर बनियन आणि ओटा बाजूला ठेवून त्याला रक्ततपासणीसाठी घेऊन जा.